'बंद' या शब्दाची परीक्षा : सुरक्षा-नियंत्रक व मोटर-ड्राइव्ह यांच्या जोडणीसंबंधी एक टीका

मराठीतील 'बंद' हा शब्द फार राबवला गेलेला शब्द आहे. दार बंद असते, दुकान बंद असते, शाळा बंद असते आणि मोटरही बंद असते. दाराच्या बाबतीत त्याने कोणाचा गैरसमज होत नाही. मोटरच्या बाबतीत मात्र तो एकाच वेळी अनेक भिन्न अवस्थांना लावला जातो, आणि त्या अवस्थांमधील भेद कित्येकदा माणसाच्या हाताशी, क्वचित प्राणाशी, निगडित असतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग व उमरगा यांच्या दरम्यान जळकोट हे गाव आहे (तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव). तेथील शिवारात 'मोटर बंद आहे' हे वाक्य उच्चारले गेले, तर त्याचा अर्थ कोणी लाल बटण दाबले असा असू शकतो, लाईट गेली असा असू शकतो, किंवा मोटर जळाली असाही असू शकतो. ऐकणारा प्रसंगावरून अर्थ लावतो आणि तो बहुधा बरोबर लावतो. 'बहुधा' या क्रियाविशेषणावर यंत्राची सुरक्षितता सोपवावी काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. गेल्या काही दशकांत कारखान्यांतील कित्येक नव्या मोटरी ड्राइव्हमार्फत चालू लागल्या आहेत. ड्राइव्ह म्हणजे मोटर आणि वीजवाहिनी यांच्या मध्ये बसणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. ते वाहिनीवरील प्रत्यावर्ती वीज प्रथम एकदिश करते, संधारित्रांत साठवते, आणि मग सहा अर्धसंवाहक कळांच्या साहाय्याने तिच्यापासून हव्या त्या वारंवारतेची वीज पुन्हा निर्माण करते. मोटरचा वेग त्यामुळे हवा तसा बदलता येतो. अशा ड्राइव्हमध्ये सुरक्षेसाठी जी क्रिया अंतर्भूत असते तिला आयईसी ६१८००-५-२ या आंतरराष्ट्रीय मानकात (पहिली आवृत्ती २००७, दुसरी २०१६) 'सेफ टॉर्क ऑफ' असे नाव आहे. व्यवहारात तिला 'एसटीओ' म्हणतात. झाकण उघडले, प्रकाशपडदा तुटला किंवा आणीबाणीचे बटण दाबले गेले, की त्या संवेदकाची खबर सुरक्षा-नियंत्रकाकडे जाते. नियंत्रक आपल्या दोन स्वतंत्र वाहिन्यांवरील २४ व्होल्टचा संकेत काढून घेतो. आणि ड्राइव्हमधील त्या सहा कळांना मिळणारी चालना थांबते. कल्पना साधी आणि सुंदर आहे. मोटर फिरण्यासाठी त्या कळा विशिष्ट क्रमाने उघडाव्या-मिटाव्या लागतात. क्रमच नाहीसा झाला म्हणजे एखादी कळ बिघडून कायमची जोडलेली राहिली तरी फिरते चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होत नाही. (स्थायी चुंबकाच्या मोटरीत दोन कळा एकदम बिघडल्या तर एक हिसका बसू शकतो. मोटरला चुंबकध्रुवांच्या जितक्या जोड्या, तितक्या भागांत अर्धे वर्तूळ वाटले असता येणाऱ्या कोनाइतका तो जास्तीत जास्त असतो. छापण्याच्या वा कापण्याच्या यंत्रावर हा हिसकाही नगण्य मानता येत नाही.)

आता या नावाकडे पाहावे. ते असे म्हणत नाही की मोटर थांबेल. ते असेही म्हणत नाही की मोटरमधील वीज गेली. ते एवढेच म्हणते की फिरवणारा जोर, ज्याला मराठीत 'परिबल' किंवा 'आघूर्ण' म्हटले गेले आहे, तो यापुढे निर्माण होणार नाही. नाव इतके नेमके असतानाही त्याचे भाषांतर करताना 'सुरक्षित बंद' हा शब्द सहज सुचतो, आणि तो सुचताक्षणी नेमकेपणा संपतो. 'सुरक्षित थांबा' हा पर्याय तर अधिकच घातक होय, कारण न थांबणाऱ्या गोष्टीला तो थांबा म्हणतो.

आपल्या शेतकऱ्याला हा भेद अपरिचित आहे असे नाही. तो केवळ दुसऱ्या शब्दांत परिचित आहे. बैलगाडीचे जू सोडले म्हणजे ओढणारा जोर गेला. सपाट जमिनीवर, उभ्या गाडीचे जू सोडले तर काही बिघडत नाही. उतारावर चालत्या गाडीचे जू सोडले तर गाडी सुरक्षित झाली असे कोणी म्हणणार नाही. प्रथम बैल थोपवावे लागतात, चाकाला दगड लावावा लागतो, मग जू सुटते. आयईसी ६०२०४-१ या मानकातील थांबण्याचे तीन वर्ग नेमके हेच सांगतात. शून्य वर्गात जोर तत्काळ काढला जातो आणि यंत्र आपल्या गतीने घरंगळत थांबते; पहिल्या वर्गात ड्राइव्ह यंत्राला आवरते आणि मग जोर काढला जातो; दुसऱ्या वर्गात यंत्र थांबते, परंतु जोर हाताशी राखलेला असतो. आणीबाणीच्या थांब्यासाठी केवळ पहिले दोन ग्राह्य मानले आहेत. एसटीओ म्हणजे जू सोडणे; प्रथम आवरणे व मग सोडणे या क्रियेला आयईसी ६१८००-५-२ हे मानक 'एसएस१' म्हणते. मोटेच्या धावेवर भरली मोट अर्ध्यात असताना बैल सोडले तर काय होईल हे ज्याने मोट पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. तेच उचलयंत्राच्या बाबतीत होते : एसटीओ लागताच टांगलेले ओझे खाली येऊ लागते, म्हणून तेथे यांत्रिक ब्रेक आणि त्या ब्रेकवरही सुरक्षा-नियंत्रकाचा ताबा अनिवार्य ठरतो. या ठिकाणी 'बंद' केल्याने धोका उत्पन्न होतो, ही गोष्ट 'बंद म्हणजे सुरक्षित' असे समीकरण मनात बाळगणाऱ्या अभियंत्याच्या ध्यानात लवकर येत नाही.

घरंगळण्याचा प्रश्न आकड्यांत मांडला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. संरक्षक साधन धोक्याच्या जागेपासून किती अंतरावर असावे याचा हिशेब आयएसओ १३८५५ या मानकात दिला आहे : माणसाच्या हालचालीचा वेग गुणिले यंत्र थांबण्यास लागणारा एकूण काळ, आणि त्यात एक ठरावीक भर. चालत येणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरला जातो. आता कडबा कुट्टीचे यंत्र घ्या. पाती बसवलेले तिचे जड चाक हीच तिची शक्ती असते. या चाकाला जोर काढल्यावर स्थिरावण्यास २० सेकंद लागतात असे समजू. १६०० गुणिले २० म्हणजे ३२,००० मिलिमीटर, अर्थात ३२ मीटर. झाकण यंत्रापासून ३२ मीटरांवर ठेवणे ही थट्टा झाली. यास्तव उपाय दोनच उरतात. एक, ड्राइव्हने चाक आवरून मग जोर काढावा. दोन, चाक थांबेपर्यंत उघडणारच नाही असे कुलूप झाकणाला असावे. पहिल्या उपायात एक खोच आहे. आवरण्यासाठी ड्राइव्हला वीज लागते; नेमकी त्याच क्षणी लाईट गेली तर आवरणारा हातच नाहीसा होतो आणि चाक पुन्हा घरंगळते. ज्या भागात लाईट जाणे हा अपवाद नाही, त्या भागात दुसरा उपायच प्रधान मानला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एसटीओला लागणारा वेळ सेकंदाच्या काही शतांशांत मोजतात आणि विक्रीपत्रकात तो ठळक अक्षरांत छापतात. हाताला भेटणारे पाते त्या शतांशांत थांबत नाही.

येथवर दोष शब्दाचा होता. यापुढील दोष जोडणीचा आहे, आणि माझ्या मते अधिक गंभीर तोच आहे. सुरक्षा-नियंत्रक एका कंपनीचा, ड्राइव्ह दुसरीचा, झाकणावरील संवेदक तिसरीचा. प्रत्येकाजवळ आपापले प्रमाणपत्र असते, आणि तीन प्रमाणपत्रे एकत्र ठेवली म्हणजे जोडणीही प्रमाणित झाली असा समज फार प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. आयएसओ १३८४९-१ या मानकाप्रमाणे संवेदक, नियंत्रक आणि ड्राइव्ह यांची मिळून एकच साखळी धरावी लागते व त्यांच्या धोकादायक बिघाडांच्या संभाव्यतांची बेरीज करावी लागते. ड्राइव्हची एसटीओ क्रिया सर्वोच्च अशा 'ई' पातळीची असली, पण झाकणावर एकाच वाहिनीची साधी कळ बसवली, तर सगळी साखळी 'सी' पातळीच्या वर जाऊ शकत नाही.

जोडणीतील सर्वांत बोधप्रद विसंवाद तपासणी-स्पंदांचा आहे. यंत्र चालू असताना नियंत्रकाची बहिर्गामी वाहिनी सतत २४ व्होल्टवर असते. पण प्रसंगी ती शून्यावर येऊ शकेल की नाही, याची खात्री नियंत्रकाने कशी करावी? महिनोन् महिने न हललेले दार उघडते की गंजले आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नियंत्रक वारंवार अतिसूक्ष्म काळासाठी संकेत काढून घेतो आणि लगेच पुन्हा देतो. त्या क्षणात वाहिनी शून्यावर न आली तर ती दुसऱ्या एखाद्या तारेला चिकटली आहे हे त्याला समजते. ही तपासणी हा त्याच्या विश्वासार्हतेचा कणा होय. परंतु समोरच्या ड्राइव्हचे कान फार तिखट असले तर त्या स्पंदालाच तो थांबण्याची आज्ञा समजतो, आणि यंत्र चालता चालता विनाकारण अडते. उत्पादन थांबते, तंत्रज्ञाला बोलावणे जाते. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. स्पंदाचा काळ ड्राइव्हला सोसवेल इतका आहे की नाही हे दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून ताडून पाहावे व जुळत नसेल तर उपकरण बदलावे, हा एक; नियंत्रकाच्या मांडणीत जाऊन तपासणी-स्पंदच बंद करून टाकावेत, हा दुसरा. दुसऱ्याला एक मिनिट लागते. यंत्र त्यानंतर निर्वेध चालते, सगळे समाधानी होतात, आणि वाहिनीची तार २४ व्होल्टच्या दुसऱ्या तारेला चिकटली तर ते आता कोणालाही कळणार नाही, ही गोष्ट कोठेही नोंदली जात नाही. त्या वाहिनीवर नियंत्रक 'थांब' म्हणेल आणि ड्राइव्हला ते ऐकू जाणार नाही. दुसरी वाहिनी तेवढी आधाराला उरते. तिचीही तीच गत झाली म्हणजे संपले. स्पंद काढावेच लागले तर दोन वाहिन्यांच्या तारा स्वतंत्र, संरक्षित मार्गांनी न्याव्या लागतात. हे मानकांत आहे. परंतु ज्याला यंत्र पाळी संपण्यापूर्वी चालू करून द्यायचे आहे त्याच्या हातात मानक नसते, पुस्तिका असते, आणि पुस्तिकेतील हे वाक्य बहुधा परिशिष्टात असते.

याच जातीचा आणखी एक दोष तारेच्या तुकड्याचा आहे. कित्येक ड्राइव्ह कारखान्यातून निघतानाच त्यांच्या एसटीओच्या अग्रांवर जोडतार बसवलेली असते. ज्याला ही क्रिया वापरायची नाही त्याचे यंत्र अडू नये, हा त्यामागील हेतू. हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा, की दुरुस्तीच्या वेळी काढलेल्या दोन तारांच्या जागी तोच तुकडा परत बसतो, ड्राइव्ह 'तयार' असा दिवा दाखवतो, आणि झाकण उघडे असतानाही यंत्र सुखेनैव फिरते. उलट खबरीची तार, म्हणजे जोर खरोखर काढला गेला हे ड्राइव्हने नियंत्रकाला परत कळवण्याची सोय, जोडलेली असेल तर ही लबाडी उघडकीस येऊ शकते. ती सोय असलेल्या ड्राइव्हवरही ती न जोडणे हा प्रकार विरळा नाही.

परंतु हे सर्व दोष यंत्र थांबण्याविषयीचे झाले. जळकोटच्या शिवारातून पाहता खरा प्रश्न थांबण्याचा नाही, पुन्हा चालू होण्याचा आहे. शेतपंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाईट गेली की ती सुटते. लाईट परत आली तरी कोणी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. ही जुनी, स्वस्त, विनाइलेक्ट्रॉनिक योजना म्हणजे सुरक्षा-विचाराचा एक उत्तम नमुना आहे. परंतु शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, कित्येकदा रात्री येते, आणि रात्री दोन वाजता उठून बटण दाबण्यासाठी विहिरीवर जाणे साप-विंचवाच्या वाटेने होते. म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू. त्याला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही; वीज ज्या वेळी येते ती वेळ त्याने निवडलेली नाही. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करीत आले आहे. त्याचे कारण असे, की वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले म्हणजे रोहित्रावर अकस्मात भार पडून ते जळते. कारण योग्यच आहे. तथापि त्यात एका गोष्टीचा उल्लेख अभावानेच येतो : त्या क्षणी कपलिंगवर किंवा पट्ट्यावर कोणाचा हात असेल.

सोलापूरच्या यंत्रमागाविषयीही असेच म्हणता येते. ताण्याचा धागा तुटला की माग थांबावा अशी योजना त्यात असते, आणि आडव्या धाग्यासाठीही अशीच योजना आहे. मागाला धागा तुटल्याचे कळते. बोट अडकल्याचे कळत नाही. स्वयंचलित थांब्यांचा इतिहास पाहिला तर त्यांतील कितीतरी कापडाच्या, रोहित्राच्या, किंवा मोटरच्या रक्षणासाठी जन्मले असे दिसते. सुरक्षा-नियंत्रकाचे वेगळेपण हे, की तो केवळ माणसासाठी आहे. म्हणूनच उत्पादनाच्या दृष्टीने तो नेहमी अडथळा वाटतो.

ऑटोस्विचचा धोका अत्याधुनिक कारखान्यात वेगळ्या वेषात पुन्हा येतो. सामान्य नियंत्रकाने ड्राइव्हला 'चाल' अशी आज्ञा दिलेली आहे. कामगार झाकण उघडतो, एसटीओ लागते, मोटर थांबते. पण 'चाल' ही आज्ञा तशीच उभी आहे, कारण ती कोणी मागे घेतलेली नाही. कामगार आत वाकतो. दुसरा कोणी झाकण लोटतो. सुरक्षा-नियंत्रक पाहतो की झाकण लागले, आणि परवानगी परत देतो. ड्राइव्हची मांडणी आज्ञेच्या केवळ अस्तित्वाकडे पाहणारी असेल तर मोटर त्याच क्षणी फिरते. येथे एकही भाग बिघडलेला नाही. संवेदक खरे बोलला, नियंत्रकाने नियम पाळला, ड्राइव्हने आज्ञा पाळली. यासाठी दोन अटी घालाव्या लागतात : झाकण लागल्याने परवानगी परत मिळू नये, त्यासाठी स्वतंत्र बटण हेतुपुरस्सर दाबावे लागावे, आणि ते बटण जेथून धोक्याची सगळी जागा दिसते तेथेच असावे, शिवाय परवानगी मिळाल्यावरही ड्राइव्हने जुनी आज्ञा न मानता नवी मागावी. पहिली अट सुरक्षा-नियंत्रकात लिहायची, दुसरी ड्राइव्हमध्ये किंवा सामान्य नियंत्रकात. दोन्ही लिहिणारे हात वेगळे असतात, आणि प्रत्येकाला वाटते की ते दुसऱ्याने पाहिले असेल.

कायद्याच्या भाषेला ही गोष्ट अवगत होती, हे नमूद केले पाहिजे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २४ व्या कलमात आणीबाणीत शक्ती तोडण्याची साधने प्रत्येक कामाच्या खोलीत असावीत असे सांगितले होते. आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने, जे साधन चुकून 'बंद' कडून 'चालू' कडे सरकू शकते त्याला सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असावी, अशी भर घातली. तो अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. परंतु शेत म्हणजे कारखाना नव्हे. शेतासाठी १९८३ चा धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम झाला तो मुख्यतः मळणी यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून. त्यातील दृष्टी निराळी आणि माझ्या मते तेथपुरती अधिक शहाणी आहे. पेंढी घालण्याचे तोंड लांब व वरून झाकलेले असले म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. तेथे कोणत्याही संवेदकापेक्षा पत्र्याचा एक लांब नळा श्रेष्ठ ठरतो. सुरक्षा-नियंत्रकाची स्तुती करताना ही गोष्ट झाकून ठेवू नये.

मग जळकोटात ड्राइव्हचा विचार करायचे कारणच काय, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर असे, की ड्राइव्ह तेथील शिवारांपर्यंत येऊ लागलाच आहे, केवळ त्या नावाने नाही. २०१९ मध्ये सुरू झालेली पीएम-कुसुम योजना आणि २०२४ ची राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना यांतून जे पंप बसतात, त्यांचा 'कंट्रोलर' हा वस्तुतः ड्राइव्हच असतो : सौर पट्ट्यांची एकदिश वीज घेऊन तो मोटरला हव्या त्या वारंवारतेची वीज देतो. ढग आला की पंप मंदावतो किंवा थांबतो, ऊन पडले की कोणी न सांगता पुन्हा चालतो. ऑटोस्विच येथे उपद्व्याप उरलेला नाही, तो रचनेचाच भाग झाला आहे. आणि कंट्रोलरचे बटण 'बंद' कडे असले तरी जोवर ऊन आहे तोवर पट्ट्यांकडून येणाऱ्या तारांत वीज असते; आतील संधारित्रे तर त्यांची वाहिनी तोडल्यावरही काही मिनिटे भारलेली राहतात. लाईट गेली की तारेला हात लावायला हरकत नाही, हे दोन-तीन पिढ्यांनी अनुभवाने मिळवलेले ज्ञान येथे लागू पडत नाही.

यास्तव नवा संस्कृत शब्द घडवण्यापेक्षा बोलीतच असलेली तीन क्रियापदे कसोशीने वेगळी ठेवावीत असे सुचवावेसे वाटते. यंत्राची गती संपली म्हणजे मोटर 'थांबली'. ड्राइव्हने जोर सोडला म्हणजे मोटर 'सुटली'. आणि वीजवाहिनी विलग करून, कुलूप घालून, साठलेला भार उतरल्यावर वीज 'तोडली'. एसटीओसाठी 'जोर-सोड' हा शब्द विद्वानांना ग्राम्य वाटेल. पण 'सुरक्षित आघूर्ण-निवृत्ती' असा शब्द फलकावर लिहिला तर तो वाचून कोणी हात मागे घेईल असे वाटत नाही. ड्राइव्हच्या पेटीवर आज बहुधा एक लाल दिवा आणि 'बंद' एवढे एक अक्षरचिन्ह असते. तेथे दोन ओळी लिहाव्यात : 'जोर सोडला आहे. वीज तोडलेली नाही.' चाक जड असेल त्या यंत्रावर तिसरी ओळ हवी : 'चाक अजून फिरत असेल.' आणि परवानगी परत देण्याच्या त्या बटणावर 'रीसेट' न लिहिता 'आत कोणी नाही ना?' असे लिहिले, तर ते बटण कशासाठी आहे हे दाबणाऱ्याला निराळे समजावून सांगावे लागणार नाही.